सर, ती पावडरची डबी अजून माझ्या बॅगेत आहे

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा गोल्फ शिकवण्याचं प्रमाणपत्र हातात पडलं. आईनं ते आधी देवापुढे ठेवलं आणि लगेच विचारलं, "सरांना कळवलंस का?" फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, सरावाला जा" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण शिकवायला निघालेल्या आणखी कुणाच्या तरी ते कामी येईल.

मी शाळेत पी.टी. शिकवणारी. लहानपण इथे बडोद्यात, माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांबावर गेलं. महाराजांनी पाहुण्यांसाठी केलेलं लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फ कोर्स तेव्हा लांबूनच पाहायचं, मोर बघायला गेल्यासारखं. खेळायला उशिरा लागले. हँडिकॅप (हा आकडा जितका लहान, तितका खेळ चांगला) एक आकडी झाला तशी वाटायला लागलं, आता शिकवता येईल. तुम्ही हो-नाही काही न म्हणता एक अकरा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर उभा केलात. "अर्धा तास तुझा."

मी क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, ग्रिप सांगितली, पाय सांगितले, खांदा, डावा हात, मान. पोरगं जागच्या जागी थिजलं. चेंडू तीनदा नुसता घरंगळला. नंतर तुम्ही मला बाजूला घेतलंत. "अकरा सूचना दिल्यास, मी मोजल्या. क्लब चेंडूला किती वेळ टेकतो माहितेय? सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेवढ्यात त्यानं अकरा गोष्टी आठवायच्या?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचा महिनाभर तुम्ही मला शिकवूच दिलं नाहीत. खेळणाऱ्याच्या मागे खुर्ची, हातात वही, वहीत तीन रकाने: चेंडू निघाला कुठे, वळला कुठे, क्लबच्या तोंडावर (चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूवर) लागला कुठे. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेनं, आणि वळतो तो तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकानं, हे मला त्या रकान्यांनी शिकवलं. जुनी समजूत नेमकी उलटी होती, आणि मीही मैत्रिणींना तेच उलटं सांगत आले होते.

तिसऱ्या रकान्यासाठी तुम्ही खिशातून टाल्कम पावडरची डबी काढलीत. ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबच्या, तोंडावर पावडर भुरभुरवायची, फटका मारू द्यायचा आणि ठसा बघायचा. त्याच मुलाचा चेंडू दर वेळी उजवीकडे पळत होता. मी मनगटाचं निदान करून मोकळी झाले होते. ठसा मात्र टाचेकडे, दांड्याजवळ. मी त्याला काही न समजावता दोन बोटं मागे उभं केलं. पुढचा ठसा मधोमध आला, चेंडू सरळ गेला, आणि त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. आखाड्यात वस्ताद तास तास गप्प बसून काय बघायचे, ते मला त्या सकाळी कळलं.

खेळाच्या चाचणीत मी पहिल्यांदा दोन स्ट्रोकनी हुकले तेव्हा तुम्ही समजूत काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गुडघेदुखी असून माझी बॅग खांद्यावर घेतलीत आणि नऊ होल फक्त माझे पट, म्हणजे होलजवळच्या हिरवळीवरचे हलके फटके, मोजलेत. एकवीस. गळती कुठे आहे ते मला आपोआप कळलं. नियमांच्या उजळणीतही तुम्हीच पकडलंत: ड्रॉप, म्हणजे नियमाप्रमाणे चेंडू हातातून खाली सोडणं, 2019 पासून गुडघ्याच्या उंचीवरून, मी अजून खांद्यावरूनच लिहीत होते. आणि काकूंचे शेंगदाण्याचे लाडू नसते तर ते दिवस मी रिकाम्या पोटी काढले असते, हेही त्यांना सांगा.

परीक्षकांसमोर शिकवायची वेळ आली तेव्हा मी विद्यार्थ्याला पाच चेंडू मारू दिले, तोवर तोंड उघडलं नाही. मग एकच गोष्ट सांगितली.

पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, तो विषयही काढू दिला नाहीत. त्या ऋणातच मला राहू द्या.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला माझी पहिली बॅच, आठ मुलं. मागे तुमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवते. वही आणा, या वेळी माझ्या सूचना मोजायला.

तुमची विद्यार्थिनी,
दांडिया बाजार, बडोदा