भाव नंतर छापा, आधी पैसे काढायची शेवटची तारीख छापा

संपादक साहेब, नमस्कार.

कुठल्याही देशात क्रिप्टोवर सरकारी कारवाई झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हेडिंग ठरलेलं असतं, बिटकॉइन इतके टक्के कोसळला. पण ज्याचे पैसे त्या एक्सचेंजवर, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात पडून आहेत त्याला भावाचं टेन्शन नंतर येतं हो, आधी त्याला कळायला हवं की विड्रॉवल चालू आहे का आणि कधीपर्यंत. नेमकं तेच बातमीत नसतं.

चीनचंच बघा. ४ सप्टेंबर २०१७ ला तिथे आयसीओवर, म्हणजे नवीन कॉइन विकून पैसे उभे करण्यावर बंदी आली आणि पाठोपाठ एक्सचेंजनाही गाशा गुंडाळायला सांगितलं. बीटीसीसीने ३० सप्टेंबरला ट्रेडिंग थांबवलं, हुओबी आणि ओकेकॉइनला ऑक्टोबरअखेरपर्यंत वेळ मिळाला. बंदी कडकच होती पण लोकांच्या हातात काही आठवडे होते. एक्सचेंजवर दिसतो तो बॅलन्स म्हणजे त्यांच्या वहीतली नोंद, कॉइन हलवायची चावी, म्हणजे गुप्त कोड, त्यांच्याकडेच, त्यामुळे मुदतीच्या आत स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतलं तरच ते आपलं.

क्लाउड मायनिंगवाल्यांचं याहून वाईट आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. मायनिंग म्हणजे मशिन्सवर गणितं सोडवून बिटकॉइन कमावणं. क्लाउड मायनिंगमध्ये मशीन आपली नसते, कंपनीकडून हॅशरेट (मशिन्सची गणितं करायची ताकद) भाड्याने घ्यायचा आणि त्यांनी रोज वीज, मेंटेनन्स कापून उरेल ते आपल्या खात्यात टाकायचं. मी असं एक कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं. मे २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर कारवाई जाहीर केली, जूनमध्ये तिथल्या सिचुआन प्रांतातल्या मशिन्सही बंद झाल्या, आणि मला ईमेल आला की सरकारी कारवाईमुळे पेआउट थांबवतोय, थोडा धीर धरा. मी धरला. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या उन्हाळ्यात जगातला हॅशरेट जवळजवळ निम्म्यावर आला होता आणि ३ जुलैला बिटकॉइनची डिफिकल्टी, म्हणजे ते कमावणं किती अवघड आहे त्याचं माप, सुमारे २८ टक्क्यांनी उतरली, तोवरची सगळ्यात मोठी घट, म्हणजे चीनबाहेर ज्यांच्या मशिन्स चालू होत्या त्यांना तेवढ्याच विजेत जास्त बिटकॉइन मिळायला लागले होते! आणि माझ्या कंपनीने तर विकताना आमच्या मशिन्स चीनबाहेर आहेत असंच सांगितलं होतं. मग पेआउट थांबलं कशाने? पाच-सहा ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. दुसऱ्या देशातली बंदी त्यांना आयतं कारण म्हणून मिळाली, असं मला आता वाटतं आणि त्याचा अजून राग येतो.

एस्टोनियातल्या हॅशफ्लेअर या अशाच क्लाउड मायनिंग कंपनीने २०१५ ते २०१९ या काळात ५५ कोटी डॉलरहून जास्त रकमेची कॉन्ट्रॅक्ट विकली. अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार दाखवलेल्या क्षमतेच्या १ टक्कासुद्धा मायनिंग प्रत्यक्षात होत नव्हतं. त्यांनी बिटकॉइन मायनिंग जुलै २०१८ मध्येच बंद केलं होतं, मालकांना अटक झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये. चार वर्षं! कारवाई नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट ती कॉन्ट्रॅक्ट विकायच्या आधी व्हायला हवी, मशिन्स खरंच आहेत का हे कुणीतरी जाऊन मोजायला हवं. आणि एक्सचेंज बंदच करायचं असेल तर ऑर्डरमध्येच विड्रॉवलची मुदत लिहा, ती तुमच्या पेपरात पहिल्या पानावर येऊ दे.

ज्या वाचकांचं कॉन्ट्रॅक्ट अजून चालू असेल त्यांनी कंपनीला आजच विचारावं की मशिन्स कुठल्या पूलला, म्हणजे अनेकांनी मिळून मायनिंग करायच्या गटाला जोडल्यात आणि पूलचं पेमेंट कुठल्या ॲड्रेसवर येतं, ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या वहीत, ते कुणालाही बघता येतं. मला हे सुचलं तोवर माझं लॉगिनच बंद झालं होतं.

आपला,
एक नियमित वाचक