फ्रॅकिंगनंतरच्या पाण्याचं काय?

महोदय,

कालच्या अंकातला फ्रॅकिंगवरचा लेख वाचून राहवलं नाही. पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबानं खडकात सोडली की तेल-वायू मोकळा होतो, इथवर ठीक. पण तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याबद्दल लेखात एक ओळ नाही! त्यातलं बरंचसं मुळात खडकातलंच असतं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. शेताला चालत नाही, नदीत सोडता येत नाही, म्हणून ते दुसऱ्या खोल विहिरींत जिरवतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ते आर्बकल नावाच्या थरात जिरवलं. त्याचा दाब खालच्या जुन्या भेगांपर्यंत पोचला. ३ रिश्टरवरचे धक्के तिथे पूर्वी वर्षाला एखाद-दोन बसत, २०१५ मध्ये सुमारे ९०० बसले.

३ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी सातच्या सुमारास त्याच ओक्लाहोमात पॉनी गावाजवळ ५.८ चा भूकंप झाला, तेव्हा मी तिथल्याच स्टिलवॉटरला लेकीच्या घरी होतो. कपाटातल्या बश्या फुटल्या. विटांच्या भिंतीला जमिनीपासून छपरापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांची भेग गेली, तिच्यात माझं बोट जात होतं. भूकंपाचा विमा होता, हप्ते वेळच्या वेळी भरलेले. विमा कंपनीनं कळवलं, हा भूकंप मानवनिर्मित, त्याची भरपाई मिळणार नाही. मग तेल कंपन्यांकडे मागावी, तर नेमकी कोणाची विहीर कारणीभूत हे घरमालकानं सिद्ध करायचं! सरकारी यंत्रणेनं आसपासच्या तिसाहून अधिक विहिरी लगेच बंद करायला लावल्या होत्या. तरी भिंतीचा खर्च लेकीनंच सोसला.

आम्ही पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतरचं कोयनानगर मी लहानपणी पाहिलं आहे. धरणाच्या पाण्यानं भूकंप होतो की नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षं चालला. ज्यांची घरं पडली, त्यांना त्या वादाचा काय उपयोग झाला?

२०१८ च्या धोरणानं आपल्याकडेही चालू तेलक्षेत्रांत शेल वायू, म्हणजे फ्रॅकिंगनंच निघणारा खडकातला वायू, शोधायची वाट मोकळी केली आहे. तिथलं पाणी कुठे जिरवणार आणि घराला तडा गेला तर भरपाई कोण देणार, हे आपल्या प्रतिनिधीनं पेट्रोलियम मंत्रालयाला विचारावं आणि उत्तर पहिल्या पानावर छापावं.

आणखी एक. लेख जमिनीवरच्या विहिरींबद्दल, पण छायाचित्र भर समुद्रातल्या तेल फलाटाचं. छापण्यापूर्वी एवढं तरी कुणी बघत जावं.

– एक वाचक, पाटण (जि. सातारा)