बेळगावपर्यंत आलास, घरी नाही

चि. सुजय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी शेजारच्या वैनींनी मोबाईल माझ्यासमोर धरला. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची १ नोव्हेंबरची सायकल फेरी, दंडाला काळी पट्टी, आणि पहिल्या रांगेत तू. "तुमचाच सुजय न्हवं हा?" मी होय म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. पुण्याहून बेळगावपर्यंत आलास, खरं तिथून तासाभराच्या वाटेवरच्या खानापूरला आला नाहीस. रात्रीच्या गाडीनं परत गेलास म्हणे. बाबांपासून मी ही गोष्ट लपवली होती. त्यांना आधीच कळली होती आणि ते माझ्यापासून लपवत होते.

मी रागावलेले नाही. एवढंच सांग, पोलिसांनी कुणाकुणाची नावं लिहून घेतली? त्यात तुझं आहे का? रविवारी फोनवर विचारलं तर हसलास. हसण्यानं माझं समाधान होत नाही.

मामाची गोष्ट तुला पुरी कधी सांगितली नाही. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं. १ जूनला हिंडलग्याला गोळीबार झाला, त्या आंदोलनात नऊ माणसं गेली. तेव्हा मामा वीस वर्षांचाही नव्हता. त्याला गोळी लागली नाही, केस लागली. आपल्याकडं मुलगा धावायला लागला की मराठा लाईट इन्फंट्रीचं स्वप्न बघतो, तसंच त्याचं होतं. पळण्यात पहिला आला, छाती भरली, आणि चारित्र्याच्या दाखल्यापाशी कागद अडला. पुढं कितीतरी वर्षं तारखा. आजोबांनी वकिलापायी एक म्हैस विकली. मामा आजही १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी न चुकता जातो आणि तिथं जाताना इस्त्रीचा सदरा घालतो. त्याला पश्चात्ताप नाही. खरं पोलीस भरतीची जाहिरात आली की पेपर घडी करून बाजूला ठेवतो, ते मी बघितलंय. म्हणून विचारते.

तू म्हणतोस, "आई, तू सरकारी नोकर, तुला काय कळणार महाराष्ट्र एकीकरण समिती." बाळा, या तालुक्यात आणि बेळगाव तालुक्यात मिळून किती निवडणुकांना मी टेबलाच्या पलीकडं बसले, मोजलं नाही. लोकांच्या बोटाला शाई लावत आले आणि माझं मत कुणाला ते तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नाही. १९९६ ची लोकसभा माझ्या पुढ्यातून गेली. बेळगाव महाराष्ट्रात यावं हा सीमाप्रश्न दिल्लीच्या कानावर जावा म्हणून समितीनं उमेदवारच उमेदवार उभे केले. बेळगावात ४५६ जण. म्हाताऱ्या बायका नावं चाळत उभ्या राहायच्या, चिन्ह सापडेना की माझ्याकडं बघायच्या, आणि मला बोट दाखवायची सोय नव्हती. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत पाचशेची दहा हजार झाली. आपल्या माणसांनी एवढं हलवून सोडलं होतं! तेव्हा घरी येऊन मी आज्जीला मीठमिरची लावून सगळं सांगितलं होतं.

माझ्या माहेरचा उचगाव मतदारसंघ तर २००८ च्या फेररचनेत नकाशावरूनच गेला. बेळगाव ग्रामीण नावाचा नवा झाला. मळेकरणीच्या देवळापुढं प्रचाराचा नारळ फुटायचा, तो आवाज माझ्या लहानपणाचा आहे. त्याच वर्षी अख्ख्या जिल्ह्यात समितीचा एकही आमदार आला नाही. आज्जी त्या रात्री जेवली नाही. १९५७ पासून तिला समितीशिवाय दुसरं चिन्ह ठाऊक नव्हतं, आणि चिन्ह दर वेळी बदलायचं तरी तिला बरोबर सापडायचं.

आपल्या खानापूरचं बघ. २००८ ला भाजपचे प्रल्हाद रेमाणी, २०१३ ला समितीचे अरविंद पाटील, २०१८ ला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. चार वेळा चार आमदार. २०१३ चा गुलाल तुला आठवत असेल. तिकडं बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आले, इकडं आपले. तू चौदा वर्षांचा. काकांनी तुला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वर घेतलं आणि तू घरी आलास तो दातसुद्धा गुलाबी. बाबा आणि काका एका ताटात जेवले त्या दिवशी. एका ताटात, खरंच.

आणि २०१८. तुझं पहिलं मत. समितीचे दोन उमेदवार, आणि आपल्या एका अंगणात दोन मांडव. बाबा एकाकडं, काका दुसऱ्याकडं. माझी ड्युटी लांबच्या गावात होती. १२ मेच्या रात्री पेट्या जमा करून पहाटे घरी आले तर तुळशीपाशी तू एकटा बसलेला. "आई, मी कुणाला द्यायचं होतं?" असं विचारलंस. मी काहीच बोलले नाही. अजून वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं. १५ तारखेला निकाल लागला. समितीच्या दोघांच्या मतांची बेरीज बाबांनी वहीच्या मागं केली, ती निवडून आलेल्या उमेदवाराच्या वर गेली, आणि त्यांनी ते पान फाडलं. पलीकडच्या घरात काकांनीही तीच बेरीज केली असणार. महिन्याभरात अंगणात चिरेबंदी भिंत आली. तुळस आपल्याकडं राहिली, आड त्यांच्याकडं गेला.

म्हणून तू फोनवर "आम्ही तरुण मिळून दोन्ही गट एक करणार" म्हणालास तेव्हा मला काय वाटलं सांगू? आज्जी असती तर दृष्ट काढली असती. मीही मनातल्या मनात काढली. आणि लगेच पोटात गोळा आला, कारण एकी करायला निघालेल्याचं नाव दोन्हीकडच्यांच्या आधी पोलिसांना ठाऊक होतं.

तुला काम करायचंच असेल तर मतदारांच्या नामावलीपासून धर. मी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादी तपासायला, घरोघर फिरलेय. पुण्याला, गोव्याला गेलेल्या पोरांची नावं इथं असतात आणि पोरं मतदानाला येत नाहीत. मेलेल्यांची नावं तशीच असतात, लग्न होऊन आलेल्या सुनांची नसतात. हे काम दिवसा करता येतं, त्यात तोंडाला काळं बांधावं लागत नाही, आणि कुणी गुन्हा घालत नाही. मराठी शाळेत पहिलीला किती पोरं राहिली तेही एकदा जाऊन मोज. माझ्या शेवटच्या वर्षी सात होती. घोषणा देणाऱ्यांत कितीजणांची मुलं...

असू दे. पुन्हा शाळा सुरू केली मी. निवृत्त झाले तरी खडू सुटत नाही. तू मोठा आहेस, तुला कळतं. आज्जीचं रक्त आहे, ते गप्प बसणार नाही हेही मला कळतं. फक्त परवानगी नसलेल्या फेरीत पहिल्या रांगेत राहू नकोस. तिसऱ्या रांगेत राहिलास तर काय बिघडतं?

काकांना शुगरचा त्रास वाढलाय. पायाची जखम भरेना म्हणून बेळगावला नेऊन आणलं. बाबा दवाखान्यात गेले नाहीत, खरं डबा कुणी नेला ते दोनदा विचारलं. मी नेला होता, मागच्या दारानं. काकांनी तुझी फेरी बघितलीय. मला म्हणाले, "पोरगं पुढं होतं न्हवं?" आणि डोळे पुसले. एवढं तुला एकी करायचं वेड असेल तर तालुका नंतर बघ, आधी भिंतीपलीकडं जा. बाबांना विचारू नकोस. सरळ जा.

शनिवारी निघालास तर कळव, बाबा स्टेशनवर येतील. तांदूळ नवे आलेत, तुला बांधून ठेवलेत. आणि त्या यादीत नाव आहे की नाही ते खरं खरं लिही. वाईट असलं तरी लिही.

तुझी,
आई

ता. क. मोबाईलवरचा तो फोटो काढून टाक. मी एक प्रत काढून घेतलीय, देव्हाऱ्याच्या कप्प्यात आहे.