प्रबंध वाचून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

राजकीय सिद्धांतातल्या वास्तववादावरचा, म्हणजे राजकारणाचा विचार आदर्श तत्त्वांपासून नव्हे तर प्रत्यक्षातल्या सत्तेपासून सुरू करावा असं म्हणणाऱ्या प्रवाहावरचा, माझा प्रबंध सादर झाला. आभारांच्या पानावर तुमचं नाव आहेच, पण तिथे चार ओळींपलीकडे जाता येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

पक्षाच्या कामातून वेळ काढून तुम्ही तो कच्चा मसुदा वाचलात, हेच मोठं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या 1971 च्या न्यायसिद्धांतात सगळे न्यायाचे नियम पाळतात असं गृहीत धरलेलं असतं, या वाक्याशेजारी तुम्ही लिहिलंत, ‘मग कार्यकर्ता कशाला हवा?’ वास्तववाद्यांची निम्मी तक्रार तेवढ्यात आली!

खरा उपयोग झाला तो वास्तववादी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सच्या प्रकरणात. त्याच्या मते राजकारणाचा पहिला प्रश्न सुव्यवस्था, संरक्षण, परस्परविश्वास यांचा, न्यायाचा नंतर. मी तिथेच थांबले असते, तर वास्तववाद म्हणजे ‘राजकारण असंच असतं’ असा अर्थ कुणीही काढला असता. सत्ताधाऱ्यांना तो सोयीचाच. तुम्ही विचारलंत, ‘लोकांनी मान्य केलं म्हणतेस, पण नाही म्हणायची सोय होती का त्यांना?’ विल्यम्सची कसोटी याच्या अगदी जवळची आहे: जी सत्ता समर्थनीय ठरवायची, तिच्याच जबरदस्तीतून लोकांची संमती तयार झाली असेल, तर ती संमती पुरावा म्हणून चालत नाही. तळटीपेत पडलेली ही गोष्ट मी मग प्रकरणाच्या मध्यभागी आणली. वास्तववादाला धार येते ती इथेच, असं मला आता वाटतं.

दुसरा वास्तववादी तत्त्वज्ञ रेमंड गॉइस, त्याच्यावर मात्र आपलं जमलं नाही. कोण, कुणाला, काय करतो आणि फायदा कुणाचा, हा त्याचा प्रश्न. ‘हा हिशेब आम्ही प्रत्येक बैठकीआधी मांडतो, यात नवं काय?’ असं तुमचं म्हणणं. पण ताई, बैठकीतला हिशेब विरोधकांचा असतो. आपल्याच पक्षाची भूमिका, आपण भाषणात वापरतो ती तत्त्वं कुणाच्या पथ्यावर पडतात, हे निवडणुकीच्या धामधुमीत विचारायला कुणाला परवडतं? सिद्धांत लिहिणाऱ्याला ते परवडतं, कारण त्याला मतं मागायची नसतात.

यावर तुमचं उत्तर येईलच, आणि ते बोचरं असेल. बांधलेली प्रत पाठवते आहे. समास मुद्दाम मोठे ठेवलेत.

तुमची,
एक विद्यार्थिनी