पदक आणणार नसाल तर घरी बसा?

मा. संपादक,

कालच्या अंकात आपल्या स्तंभलेखकांनी डच ऑलिंपिक समितीची यथासांग आरती ओवाळली आहे. पहिल्या आठांत येण्याची शक्यता नसेल तर खेळाडू पाठवायचाच नाही, केवढा हा कणखरपणा, आणि आपली पथके मात्र सहलीला निघाल्यासारखी! लेखकांच्या व्यासंगाबद्दल आदर आहे. पण योस्ट लाउटेनला त्यांनी ‘निकषात न बसलेला गोल्फपटू’ म्हणून अर्ध्या ओळीत उरकले, ते वाचून राहवले नाही.

कुठल्या निकषात? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या साठ गोल्फपटूंत तो ऑलिंपिकच्या क्रमवारीनुसार रीतसर आला होता. युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत सहा विजेतेपदे, त्यांतली दोन घरच्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, केएलएम ओपनची. २०१३ मध्ये तर त्याने मिगेल आंहेल हिमेनेझसारख्या मुरलेल्या खेळाडूला प्लेऑफमध्ये हरवून ती जिंकली. अशा माणसाला त्याचीच समिती सांगते की तू जगात १४७वा, तुझ्याकडून काही व्हायचे नाही. तो कोर्टात गेला आणि जिंकला. समितीला त्याचे नाव पाठवावे लागले, पण तोवर त्याची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. एकसष्टावा खेळाडू घ्यायला वरच्या आंतरराष्ट्रीय संघटना तयार होईनात. कोर्टात जिंकूनही घरीच बसला बिचारा.

‘शक्यता’ म्हणे! टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये रौप्य जिंकलेला सॅबाटिनी आणि कांस्य जिंकलेला पॅन दोघेही जागतिक क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे होते. आणि आपली अदिती अशोक? ती होती २००वी. एका फटक्याने पदक हुकले, चौथी आली. त्या शनिवारी पहाटे गोल्फचे ओ की ठो न कळणारी आमची अख्खी सोसायटी टीव्हीसमोर होती. संध्याकाळी नीरजचे सुवर्ण आले आणि लोक तिला विसरले, ते सोडा. तुमच्या लाडक्या डच निकषाने तिला विमानात तरी बसू दिले असते का?

हे सगळे मला झोंबायचे कारण घरचे आहे. माझी धाकटी बहीण लांब उडी मारायची. राज्य स्पर्धेसाठी लागणारे अंतर तिने जिल्ह्याच्या मैदानावर, सगळ्यांदेखत पार केले होते. आईने बूट उधारीवर आणले. निघायच्या आदल्या दिवशी कार्यवाह घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेले, “ताई, तिथे पुण्या-मुंबईच्या मुली असतात. पदक काही येणार नाही, उगीच संघटनेचा प्रवासखर्च.” पथक गेले, त्यात कार्यवाहांचे मेहुणे व्यवस्थापक म्हणून गेले. त्यांच्या पदकाची शक्यता कोणी तपासली होती, हे कळले तर बरे होईल. बहिणीने पुढे उडी मारली नाही. तेव्हा खेळाडूला न पाठवण्यात काय कणखरपणा असतो ते आम्हाला शिकवू नका. नाही म्हणायला पैसे पडत नाहीत.

खेळाडूच्या नावावर फुकट फिरणाऱ्या अधिकाऱ्यांवर लेखकांनी लिहावे, मी स्वतः कात्रण जपून ठेवीन.

आणि विषय निघालाच आहे तर, पूर्वी आपल्या अंकात तालुका आणि जिल्हा स्पर्धांचे निकाल नावांसकट यायचे. आता त्या जागी फ्लॅटची अर्धे पान जाहिरात असते. ते निकाल बंद का केले, याबद्दल पाठवलेल्या माझ्या आधीच्या पत्राला पोच नाही. हे पत्र छापताना कापायचेच झाले तर डच भाग कापा, बहिणीचा ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड