पुस्तक माझ्याकडे फिरवणाऱ्या डीएमना

सप्रेम नमस्कार दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे विलेपार्ल्यात रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवणारी माणसं काही गल्लोगल्ली नाहीत. (प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. तो खेळवणारा तो डीएम, डंजन मास्टर.) ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकलाय, घेणार ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. इथे चहा आड येणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका टेबलवर खेळत होते. कुठे आणि कोणाबरोबर, ते राहू दे. "मुली क्लेरिक छान खेळतात, तू हीलर हो," असं माझं स्वागत झालं. म्हणजे बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करणारं पात्र. मला खरं तर विझार्ड व्हायचं होतं. अंगात उपजत जादू असलेली नाही, तर वहीत मंत्र उतरवून, घोकून, रोज सकाळी पुन्हा वाचून जादू करणारी बाई. यावर बरीच चर्चा झाली, फक्त माझ्याशी नाही, त्यांची आपापसात. शेवटी पात्राची माहिती आधीच भरलेली एक शीट माझ्यापुढे आली. सॉर्सरर, म्हणजे तीच उपजत जादूवाली. दोन स्पेल (मंत्र), दोन्ही जाळपोळीचे. "विझार्ड नवीन माणसाला झेपत नाही. तू फक्त फासा टाक, बाकी आम्ही सांगतो."

आणि सांगायचे हो, अगदी मनापासून सांगायचे. माझी पाळी आली की तिघांची बोटं माझ्या शीटवर. मी वीस बाजूंचा फासा टाकायचे, बेरीज दुसरं कोणी करायचं, समोरचा गॉब्लिन (छोटा राक्षस) मरायचा, टाळ्या मात्र मला. परतीच्या गाडीत वाटायचं, आज मी आले नसते तरी हा गॉब्लिन असाच मेला असता. अशा वेळी "माणसं वाईट नव्हती" असं म्हणायची पद्धत आहे. मी काही म्हणणार नाही. ज्याला सगळं येतं त्याला नवीन माणसाच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची घाई का असते, हे मला अजून कळलेलं नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ अमेरिकेत छापून आणला. पन्नास वर्षं होऊन गेली, नियमांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण "तू फक्त फासा टाक" म्हणणारे काही संपले नाहीत.

तुमच्याकडे काय वेगळं झालं, असं मला मैत्रिणी विचारतात. मी सांगते, त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. त्यांना वाटतं पुढे काहीतरी आहे. पुढे काही नाही, तेवढंच आहे.

टेबलाच्या पलीकडे तुम्ही, अलीकडे मी. तुम्ही २०१४ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, उघडलंत, विझार्डच्या स्पेलची यादी काढलीत आणि ते जाडजूड पुस्तक असं वळवलंत की अक्षरं मला सुलटी आणि तुम्हाला उलटी. मग संध्याकाळपर्यंत तुम्ही ती उलटी अक्षरं वाचत बसलात. चष्मा कधी कपाळावर, कधी नाकाच्या शेंड्यावर. मला एखादा शब्द अडला की मान वाकडी करून तुम्ही ती ओळ शोधायचात. एकदाही पुस्तक परत ओढून घेतलं नाहीत. तुमच्या ते लक्षातही नसेल. आधीच्या टेबलवर पुस्तकाची माझ्याकडे कायम पाठ असायची, म्हणून माझ्या मात्र चांगलं लक्षात राहिलं.

पहिल्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, एक लढायची शैली निवडतो, शस्त्रं उचलतो आणि निघतो. विझार्डला मात्र दारातच तीन कँट्रिप (हवे तेव्हा करता येणारे छोटे मंत्र) आणि वहीत लिहायला पहिल्या पातळीचे सहा स्पेल निवडायला लागतात, तेही तीसेक नावांच्या यादीतून. घाबरायला होतंच. मी पानावरून बोट फिरवत होते आणि बाजूच्या खुर्चीवरून "शील्ड घे, मॅजिक मिसाईल घे, ते नको, ते कचरा आहे" सुरू झालं. तुम्ही वर न बघता म्हणालात, "थांब रे, तिचं वाचून होऊ दे." तोही बिचारा लगेच गप्प झाला. (आज त्याच्याशी माझं उत्तम जमतं. फायटर आहे, त्यामुळे माझ्यापुढे उभा राहून मार खाणं हे त्याचं कर्तव्यच आहे.)

मग तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "ही तुझी बाई पोटासाठी काय करते?"

असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी फोर्टमधल्या एका कचेरीत विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासते, तेव्हा तोंडात आलं ते सांगून टाकलं: बंदरावर जकातीच्या वह्या तपासते. नाव भागीरथी. वय झालंय, जीभ तिखट आहे. तिथून पुढे ती यादी मला वेगळी दिसायला लागली. त्या तिसांतले निम्मे स्पेल भागीरथीनं ढुंकूनही बघितले नसते आणि काही तिला हवेच होते. कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, परकी लिपी वाचायला. डिटेक्ट मॅजिक, कारण मालात काय लपवलंय ते कळायला हवं. मेज आर्मर आणि शील्ड जीव वाचवायला. स्लीप, कारण ती मारकुटी नाही. पाच आठबाजू फाशांची बेरीज होईल तेवढ्या हिट पॉइंटांचे (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) गॉब्लिन झोपवते आणि पुढे चालू लागते. एका गॉब्लिनचे सात, म्हणजे फासे बरे पडले तर तीन आडवे.

सहावा फाइंड फॅमिलिअर, सोबतीला प्राणी बोलावणारा. सगळे म्हणाले घुबड घे, ते शत्रूजवळून उडून गेलं तरी त्याला वार बसत नाही. मी कावळा घेतला. मुंबईत वाढलेल्या बाईनं सोबतीला घुबड का घ्यावं? शिवाय पुस्तकातला रेव्हन ऐकलेल्या आवाजांची नक्कल करतो, आणि बंदरावर असा पक्षी लाखमोलाचा. यादीत खेकडाही आहे. माझं माहेर मालवणचं असल्यामुळे तिथे मन जरा घुटमळलं, पण सोबत्याकडे बघून तोंडाला पाणी सुटणं बरं नाही.

पात्राच्या सहा गुणांना आकडे वाटायच्या वेळीही तसंच. १५, १४, १३, १२, १०, ८. पंधरा इंटेलिजन्सला, यात वाद नव्हता. चौदा मला करिश्म्यात टाकायचे होते, जिभेसाठी. तुम्ही नको म्हणाला नाहीत. विचारलंत, "हिला पहिला घाव बसला की काय होईल?" आणि गप्प बसलात. गॉब्लिनच्या तलवारीचा वार तीन ते आठचा. कॉन्स्टिट्यूशनकडे, म्हणजे काटकपणाकडे, दुर्लक्ष केलं तर माझ्या म्हातारीकडे जेमतेम सहा हिट पॉइंट, शिवाय घाव बसल्यावर मंत्रावरचं लक्ष टिकवायची चाचणीही कॉन्स्टिट्यूशनवरच. मी स्वतःच चौदा तिकडे हलवले. आठ हिट पॉइंट झाले. ते दोन माझे आहेत, मी मिळवलेले, कोणी शीटवर छापून दिलेले नाहीत.

"आणि समजा निवड चुकली तर?" असं मी विचारलं तेव्हा तुम्ही जे म्हणालात त्यानं पोटातली भीतीच गेली. विझार्डच्या वहीतून काही पुसलं जात नाही, प्रत्येक लेव्हलला दोन स्पेलची भरच पडते. त्यातले तयार कुठले ठेवायचे, ते रोज रात्रीच्या विश्रांतीनंतर बदलता येतं. रिच्युअल असलेले स्पेल तर तयार न ठेवताही वहीत बघून करता येतात, दहा मिनिटं जास्त दिली की झालं. म्हणजे नवख्याला झेपत नाही म्हणून ज्या विझार्डपासून मला लांब ठेवलं, तोच नवख्याला सगळ्यात जास्त सांभाळून घेतो! हे त्या दीडशहाण्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण सांगायला वेळ लागतो, आणि उत्तर हातात कोंबायला लागत नाही.

बँकेत हे नेहमी दिसतं. एखाद्या आजी स्लिप घेऊन गोंधळलेल्या असतात. कोणीतरी येतं, "द्या इकडे" म्हणून फराफरा भरून टाकतं आणि पुण्य कमावल्यासारखं निघून जातं. क्वचित एखादा असा भेटतो जो रकान्यावर बोट ठेवतो, "इथे आकडा, इथे अक्षरी" म्हणतो आणि मागची रांग कुरकुरत असतानाही आजींचं लिहून होईपर्यंत उभा राहतो. या शहरात मदत करणारे पुष्कळ आहेत, मी नाही म्हणत नाही. पण समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबणारे फार थोडे. त्यांना ना कुठला पुरस्कार मिळतो, ना कोणी सोसायटीच्या फलकावर नाव लिहितं. त्यांच्यामुळे इतरांना गोष्टी यायला लागतात, आणि मग शिकवलं कोणी हेही विसरलं जातं. ते विसरलं जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

गोदामातल्या त्या रात्रीबद्दल एवढंच लिहिते. तस्करांची वही सापडली, लिपी कोणालाच येईना, आणि सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळली. फायटर "कचरा" म्हणाला होता तोच कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस मी दहा मिनिटं जमिनीवर बसून, रिच्युअल करून टाकला आणि मग मिनिटाला एक पान या वेगानं वही वाचून काढली. जकात कोण चुकवतंय ते सापडलं. माझ्या खऱ्या नोकरीत इतका आनंद मला कधी झालेला नाही. ती वही तुम्ही मुद्दाम ठेवली होती का, हे मी विचारणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

आता दुसरी लेव्हल. दोन नवे स्पेल तर आहेतच, शिवाय जादूच्या आठ परंपरांमधून एक निवडायची आहे. भागीरथीचा कल डिव्हिनेशनकडे (दडलेलं जाणून घ्यायची जादू) आहे, मला मात्र इल्युजन (भास निर्माण करायची जादू) सोडवत नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी तासभर आले तर चालेल का? मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर ते जमणार नाही. तसं झालं तर तुम्ही खुशाल सुरुवात करा. भागीरथी गोदामातच आहे, उरलेल्या वह्या तपासतेय, असं फायटरला सांगा.

आपली,
मुलुंडची विझार्ड