काउंटरवर दोन वाक्यं बोलायला लावा

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य यांस,

सा. न. वि. वि.

माझ्या सासूबाईंना संधिवात आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी झपाट्याने घटतात, जिवावर बेततं. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. गेल्या महिन्यात मेडिकलमधून दोन्हींच्या चार-चार गोळ्या कात्रीने कापून एकाच कागदी पाकिटात आल्या. एका तुकड्यावरचं नाव अर्धं गेलेलं, दुसऱ्यावरची एक्सपायरीच गायब. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "जेवणानंतर द्या." किती दिवसांनी, ते नाही. डॉक्टरांनी "आजी, रविवार लक्षात ठेवा" असं बजावलं होतं, म्हणून निभावलं.

हे सांगणं हे फार्मसिस्टचं कामच आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसं घ्यायचं, त्रास काय होऊ शकतो, डोस चुकला तर काय करायचं, हे त्याने स्वतःहून बोलायचं असतं. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं, हा नियम तर त्याहून जुना. कित्येक दुकानांत मात्र फार्मसिस्ट फक्त भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतो!

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. संध्याकाळच्या गर्दीत आपणच "लवकर द्या हो" म्हणून घाई करतो. बीपीची गोळी संपली की रिकामी स्ट्रिप देऊन शेजारच्या पोराला पिटाळतो. गुडघेदुखीवर पेनकिलर मागताना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं सांगत नाही. पण विचारणारं कोणी समोर असेल तर माणूस सांगतो.

म्हणून मागणी मोजकीच आहे. मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, इन्सुलिन अशा चुकीला माफी नसलेल्या औषधांपासून सुरुवात करा. त्यांतल्या गोळ्यांची स्ट्रिप कापली तर पाकिटावर औषधाचं नाव, एक्सपायरी आणि कधी घ्यायचं हे मराठीत लिहिणं सक्तीचं करा. "आठवड्यातून एकदाच, रविवारी" एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि तुमचे औषध निरीक्षक तपासणीला जातील तेव्हा बिलबुकं आणि फ्रीज बघून झाल्यावर त्यांनी दुकानाबाहेर पडणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना थांबवून विचारावं: ही गोळी कशी घ्यायची, आत कोणी सांगितलं का? मिळालेलं उत्तर तपासणी अहवालात नोंदवावं.

आपली,
एक सून